साबण नव्हे

मी सगळ्यात जास्त ऋणी कुणाचा, असं कुणी विचारलं तर माझ्या तोंडात आधी कौसर आपांचं नाव येतं. आई-वडिलांनी मला शाळेत घातलं, आणि शिकलेल्याचं पुढं काय करायचं हे आपांनी दाखवलं. हे वाक्य त्यांच्यासमोर बोललो असतो तर त्या म्हणाल्या असत्या, "व्यंकट, हे सत्काराला ठेव. हार स्वस्त झाले की बोलव." म्हणून त्या समोर नसताना लिहितो आहे.

लातूर तेव्हा उस्मानाबादपासून वेगळं होऊन नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. गावात रोज एखाद्या कचेरीची नवी पाटी लागायची आणि पाटीखाली बसायला टेबल नसायचं. मी चाकूरजवळच्या खेड्यातला, आमच्या घरातला पहिला बी.एस्सी. प्रमाणपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत गेलो. एका पत्र्याच्या शेडमध्ये पांढरा कोट घातलेल्या, पन्नाशीकडे झुकलेल्या एक बाई बरणीत नाक खुपसून उभ्या होत्या. चष्मा दोरीनं गळ्यात, पायात पुरुषी वहाणा. मी वाकलो आणि त्यांच्या पायांना हात लावला.

"काय पडलं तुझं खाली?" त्यांनी विचारलं.

"नाही, नमस्कार केला, मॅडम."

"नक्को. ह्या फरशीवर काय काय सांडलेलं असतं, तोंडाला लागलं तर सालटं निघतील. उभं राहून बोल. आणि मॅडम नक्को, आपा म्हण. मासे खातोस?"

"आमच्या घरात कुणी खात नाही."

"मग अमाइनचा वास कसा ओळखशील?"

नोकरी गेली असं धरून पिशवी आवरायला लागलो. तेवढ्यात त्यांनी दुसरा प्रश्न टाकला, "साबण म्हणजे काय?" हा मला पाठ होता. मी पुस्तकातली व्याख्या पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत म्हणून दाखवली. आपांनी डोळे मिटून ती ऐकली आणि म्हणाल्या, "मस्त. आता हे सगळं उलटं कर. आपण ते बनवतो."

आम्ही बनवत होतो ते एक जंतुनाशक होतं. त्याचं खरं नाव बेंझाल्कोनियम क्लोराइड. ते लातुरात आपांशिवाय कुणाला एका दमात म्हणता येत नव्हतं, म्हणून आपांनी त्याचं नाव ठेवलं होतं, उलटा साबण. त्यांचं सांगणं असं असायचं: "साध्या साबणाला तेलाचं शेपूट असतं आणि डोकं ऋण भाराचं. आपल्याला शेपूट तेच, पण डोकं धन. जंतूचं कातडं ऋण असतं. म्हणून हा जातो, त्याला चिकटतो आणि कातडं फाडून ठेवतो. पण वाटेत साधा साबण भेटला की संपलं. ऋण आणि धन एकमेकांच्या गळ्यात पडतात, आणि जंतू बाजूला उभा राहून तमाशा बघतो."

आपा नांदेडच्या जुन्या गावातल्या. घराणं अत्तारांचं, आजोबांचं अत्तराचं दुकान. त्या एम.एस्सी. होऊन नांदेडात एका कॉलेजात शिकवायला लागल्या. प्राचार्यांनी एकदा प्रयोगशाळेतलं स्पिरिट घरच्या स्टोव्हसाठी मागवलं. आपांनी बाटलीबरोबर चिठ्ठी पाठवली, 'भाजी शिजली की निष्कर्ष कळवावा.' त्यानंतर त्या फार दिवस त्या कॉलेजात राहिल्या नाहीत.

त्यांना लातूरला आणलं शिवप्पा शेठनी. शेठ मूळचे उदगीरचे, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, गंजबाजारात डाळीची आडत. जिल्हा झाला म्हणजे कचेऱ्या आल्या, कचेऱ्या आल्या म्हणजे संडास आले, आणि संडास आले म्हणजे फिनेल लागणार, एवढा त्यांचा विचार सरळ होता. आपांनी त्यांना फिनेलवरून ह्या औषधावर आणलं. दवाखान्यात कात्र्या-चिमटे ह्यात ठेवता येतात, हात धुता येतात, आणि अगदी शुद्ध केलं तर डोळ्यांच्या थेंबात किंचितसं घालतात, थेंब टिकावेत म्हणून. शेठना सगळं पटलं. एकच पटलं नाही.

"म्याडम, ह्याला वासच न्हाई वो."

"चांगलंय की."

"काय चांगलं? फिनेल टाकलं की वेशीवर कळतं, आज कुठंतरी धुतलंय. तुमचं हे टाकलं काय, न टाकलं काय. जरा केवडा घाला की. तुमच्या तर घरचा धंदा."

"शेठ, जंतूला नाक नसतं."

"गिऱ्हाइकाला असतंय."

हा वाद माझ्यासमोर किती वेळा झाला ते सांगता येणार नाही. शेवट ठरलेला असायचा. शेठ "यप्पा" म्हणून कपाळाला हात लावायचे आणि आपा त्यांच्यासाठी चहा टाकायच्या.

औषध बनवायची रीत ऐकायला सोपी. खोबरेल तेलापासून निघालेलं अमाइन बंद भांड्यात गरम करायचं आणि त्यात बेंझिल क्लोराइड थोडं थोडं सोडायचं. थोडं थोडं ह्या दोन शब्दांतच सगळी विद्या होती. दोघं एकत्र आली की स्वतःच तापतात, आणि घाई केली तर भांडं आवरत नाही. आपा तोटीवर बोट ठेवून उभ्या राहायच्या आणि मला सांगायच्या, "नव्या सुनेला घरात आणतात तसं आण. ढकलू नक्को." अमाइनला सडक्या मासळीचा वास असतो. तो कमी होत गेला म्हणजे काम होत आलं. आपा झाकणापाशी नाक नेऊन जाहीर करायच्या, "मासळीबाजार अजून उठला न्हाई." किंवा, "उठला. एक म्हातारी राहिलीय टोपली घेऊन." आणि खरंच तेवढंच राहिलेलं असायचं.

तरी त्या नाकावर थांबत नव्हत्या. म्हणायच्या, "नाक खोटं बोलत न्हाई, पण नाकाला सही करता येत न्हाई." मग तपासणी. बाटलीत आमचं औषध, खाली जड क्लोरोफॉर्म, त्यात एक रंग. तळाचा थर निळाभोर व्हायचा. वरून साध्या साबणाच्या जातीचं द्रावण थेंब थेंब सोडायचं आणि बाटली हलवायची. निळा रंग तळ सोडून वर आला की किती थेंब लागले त्यावरून औषधाचा जोर कळायचा. "बघ," त्या म्हणायच्या, "ह्याची ताकद किती, ते ह्याचा दुश्मन सांगतो. दोस्ताला विचारून काय कळणार?"

बेंझिल क्लोराइडची आणखी एक खोड होती. ते माणसाला रडवतं. पिंप नुसतं उघडलं तरी शेडमधले सगळे डोळे पुसायला लागायचे. नवा कामगार घाबरला की आपा म्हणायच्या, "घरचं कुणी आठवलं तर आत्ताच रडून घे. पगारी आहे."

शेठनी कारखान्याच्या उद्घाटनाला नव्या जिल्ह्यातल्या एका बड्या साहेबांना बोलावलं होतं. साहेबांना सगळं जवळून बघायचं होतं. आपांनी पिंपापासून लांब राहायला सांगितलं, तर साहेब म्हणाले, "बाई, मी शेतकऱ्याचा मुलगा आहे, मला वासाचं काही वाटत नाही." मग आपांनी त्यांना अडवलं नाही. तिथून साहेब थेट भाषणाला उभे राहिले. मराठवाड्याच्या मागासलेपणावर पहिलं वाक्य बोलले आणि डोळ्यांतून धारा लागल्या. रुमाल लावला तशा वाढल्या, कारण रुमालालाही ते लागलेलं होतं. पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या त्यांचं बघून खरंच रडायला लागल्या. दुसऱ्या दिवशी गावच्या पेपरात आलं की मागास भागाच्या व्यथेनं साहेबांना अश्रू अनावर झाले. आपांनी ते कात्रण पिंपांच्या खोलीच्या दारावर चिकटवलं. ही एवढी धोक्याची पाटी असताना वेगळी कशाला, असं त्या म्हणायच्या.

मग पाऊस गेला. एक वर्ष कसंबसं काढलं, दुसऱ्या वर्षी कारखान्याची बोअर आटली. आमच्या भांड्याला बाहेरून गार पाण्याचं कवच लागायचं, आणि गावात प्यायला टँकर. शेठ म्हणाले, बंद ठेवू. आपा म्हणाल्या, नक्को. त्यांनी तेच ते पाणी हौदात फिरवायला लावलं, भांड्याला ओली तरटं गुंडाळली आणि हवा गार असते म्हणून काम पहाटेवर नेलं. बेंझिल क्लोराइड आधीपेक्षाही सावकाश सोडायचं. एका बॅचला सकाळ पुरायची नाही. आपा तोटीपाशी स्टूल टाकून बसायच्या आणि समोरच्या आकाशाला दख्खनीत अशा काही शिव्या द्यायच्या की कामगार शिकून घ्यायचे.

त्याच दिवसांत आमच्या औषधाचा निकाल लागायचा होता. गावात एका ट्रस्टचं बाळंतपणाचं हॉस्पिटल होतं. त्यांनी फिनेल आणि बाकीचं सगळं बंद करून आमचं औषध घ्यायचं कबूल केलं होतं. तिथं चाललं तर पुढं सगळीकडे चालेल. आणि तिथूनच तक्रार आली. बायकांचे टाके पिकत होते. आधी एक, मग चार-पाच.

शेठ शेडमध्ये आले ते बसलेच नाहीत. "डॉक्टर म्हणतेत, तुमचं औषध निव्वळ पाणी हाय. म्याडम, पाणीच इकायचं असतं तर टँकर नसता का काढला मी? ह्या दुष्काळात त्यालाच जास्त भाव हाय."

"माल बरोबर आहे. तपासून दिलाय."

"आसंल. पण त्यांनी परत पाठवला की मी फिनेल सुरू करणार. आणि फिनेल घोटायला एम.एस्सी. लागत न्हाई वो." एवढं बोलून त्यांनाच वाईट वाटलं असावं. चहा न घेता गेले.

शेठ गेल्यावर आपांनी हॉस्पिटलला पाठवलेल्या मालाचा राखून ठेवलेला नमुना घेतला आणि तपासला. निळा रंग जिथं वर यायला हवा तिथंच आला. पुन्हा तपासला. पुन्हा तेच. मला म्हणाल्या, "कोट काढ. जाऊन बघू, तिथं हे कुणाच्या गळ्यात पडून राहिलंय."

हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर घुश्शात होते, तरी त्यांनी आत जाऊ दिलं. वॉर्डात एक पोरसवदा बाई पडली होती, माझ्याच तालुक्यातली. बाळ सासूच्या मांडीवर होतं. आपांनी विचारलं, "कसंय?" ती म्हणाली, "बसता येईना वो. लेकराला पाजायला बसाया लागतंय ना." एरवी आपांनी काहीतरी बोलून तिला हसवलं असतं. आज नुसती तिची चादर सारखी केली आणि कात्र्या-चिमटे कुठं धुतात ते विचारलं.

कात्र्या-चिमटे धुवायचं काम सोजरमावशींकडं होतं. ठेंगणी, कडक बाई, हाताखाली सगळं लख्ख. आपांनी विचारलं, "मावशी, कसं करता जरा दाखवा."

मावशींनी दाखवलं. ट्रेमध्ये धुण्याच्या साबणाचं पाणी, त्यात चिमटे घासायचे. मग दुसरं पाणी न घेता त्याच ट्रेत वरून आमचं औषध मापानं ओतायचं आणि चिमटे बुडवून ठेवायचे. "दोन बादल्या पाणी वाचतंय रोज," मावशी म्हणाल्या. "पहिलं मधी धूत होतो साध्या पाण्यानं. आता कुठलं आलंय पाणी. अन् दोन्ही साबणच हायेत की."

"कोण म्हणालं दोन्ही साबण?"

"तुमचेच शेठ सांगून गेले सगळ्यांला. म्हणले, काय भिऊ नका, साबणच हाय, जरा उलटा. आमच्या म्याडमनं नाव ठिवलंय."

मोठे डॉक्टर मावशींवर उखडले. अक्कल आहे का, एवढी वर्षं काम करते, वगैरे. मावशींचा चेहरा पडला. पाणी वाचवल्याबद्दल त्यांना कुणीतरी शाबासकी देईल असं त्या धरून होत्या.

"डॉक्टर, त्यांना बोलू नका," आपा म्हणाल्या. "त्यांनी ऐकलं तसं केलं. नाव मी ठेवलं. मला गंमत वाटली होती." त्यांच्या तोंडून इतकं सरळ, बिनटोमण्याचं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

मग त्यांनी दोन पेले मागवले. एकात साबणाचं निवळ पाणी, दुसऱ्यात आमचं औषध, तेही निवळ. पेले मावशींच्या हातात दिले आणि म्हणाल्या, "ओता एकात एक." मावशींनी ओतलं. बघता बघता पांढरं झालं, आणि त्यात गुठळ्या धरल्या.

"आगं बया," मावशी म्हणाल्या, "फाटलं की हे. दूध फाटतंय तसं."

"हौ. असं फाटलं की त्यात काही जोर राहत न्हाई. आधी साबणानं घासा, मग साध्या पाण्यानं साबण पुरता धुऊन काढा, मग हे. मधलं पाणी वाचवायचं न्हाई. दुसरं कुठलंही वाचवा."

"अन् आणायचं कुठून मधलं पाणी?"

ते पाणी आमच्या हौदातून गेलं. भांडं गार करायचं जे थोडं पाणी होतं, त्यातला वाटा आपांनी उकळून रोज हॉस्पिटलला पाठवला, आणि त्यापायी आमची बॅच एक दिवसाआड झाली. शेठ हळहळले, पण अडवलं नाही. काही दिवसांनी मोठ्या डॉक्टरांचा निरोप आला, टाके सुकायला लागलेत, माल पाठवत राहा. ती चाकूरकडची बाई बाळ घेऊन स्वतःच्या पायांनी टेम्पोत चढली, हे मावशींनी आपांना मुद्दाम येऊन सांगितलं. जाताना म्हणाल्या, "म्याडम, नावं ठिवायचं काम तुमी करत जाऊ नका." आपा म्हणाल्या, "कान पकडले."

लेबल बदलायचं ठरलं. सगळ्यात वर, औषधाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत, हा साबण नाही एवढं कळलं पाहिजे. मजकूर लिहायचं माझ्याकडं आलं. मी शाळेत निबंधाला बक्षीस मिळवलेला माणूस. विचार करून लिहिलं, 'साबण नव्हे.'

"ये नव्हे क्या है रे?" आपांनी विचारलं. "लातुरात कुणी बोलतं का असं?"

"छापील भाषेत असंच असतं, आपा."

"बरं. छापील तर छापील. आता मी नावात पडत न्हाई."

लेबल छापून आलं. महिन्याभरात गंजातला एक दुकानदार शेठना म्हणाला, "ते तुमचं नव्हे पाठवा की दोन डबे." लोकांनी साबण हे जातीचं नाव धरलं आणि नव्हे हे त्याचं खास नाव. दवाखान्यांतून विचारणा यायला लागली: नव्हे आहे का? नव्हे कितीला? हॉस्पिटलात मावशी नव्या पोरींना दरडावायच्या, "आधी साबण, मग पाणी, मग नव्हे." त्यामुळे कुणी ते साबणात मात्र मिसळलं नाही.

शेठ हरखले. "म्याडम, एवढं नाव गाजलंय. लेबलावरचा साबण काढून टाकू, नुसतं नव्हे ठिवू."

"साबण राहू द्या, शेठ. नुसतं नव्हे ठेवलं तर काय नव्हे, ते कुणाला कळणार न्हाई, आणि पुन्हा साबणात मिसळतील." शेठना हवा होता तो केवड्याचा वास मात्र आपांनी शेवटपर्यंत घातला नाही.

दुष्काळ सरल्यावर वर्षभरानं नांदेडला त्यांच्या अम्मी पडल्या आणि आपा नोकरी सोडून गेल्या. निरोपाचं भाषण मी पाठ करून ठेवलं होतं. "आपा, तुम्ही माझ्या गुरू आहात" एवढं म्हणालो तर त्यांनी हात वर केला. "मी कुणाची गुरू नव्हे," त्या म्हणाल्या. "बघ, छापील बोलले. आता बस." कामगार हसले आणि समारंभ तिथंच संपला. तोटी त्यांनी माझ्या हातात दिली होती. पुढं बरीच वर्षं मी ती चालवली.

शेवटचं भेटलो ते नांदेडला, त्यांच्या जुन्या गल्लीत. अम्मी केव्हाच गेल्या होत्या. आपा खूप थकल्या होत्या, चष्मा त्याच दोरीला. चहा झाला. कपाटातून त्यांनी एक कुपी काढली, कापसाचा बोळा माझ्या मनगटाला लावला आणि विचारलं, "सांग, काय आहे?"

मी हुंगलं. "मोगरा?"

"मला विचारून नक्को सांगू. माझं नाक गेलं रे. मासळीबाजार काय, मोगरा काय, सगळं सारखंच. आता तपासणीवर जगून राहिलेय, येईल त्याला हुंगायला लावते." आणि हसल्या. मी निघालो तेव्हा त्या दारात उभ्या होत्या आणि समोरच्या दुकानदाराला हाक मारून तीच कुपी दाखवत होत्या. माझ्या उत्तरावर त्यांचा भरवसा बसला नव्हता.

लातूरला पोचल्यावर मी त्यांना पत्र लिहिलं. ते असं होतं.

आपांस,

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण तुम्ही विचाराल काय पडलं खाली, म्हणून लिहीत नाही. सुखरूप पोचलो. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर गेलं, तरी मनगटाचा वास गेला नाही. तो मोगराच आहे. शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंना विचारून खात्री केली. त्यांनी जागा बदलली.

आज त्या हॉस्पिटलात सुनेला बघायला गेलो होतो. नात झाली. सोजरमावशी कधीच निवृत्त झाल्या. नवी पोरगी आहे, ती मला ओळखत नाही. बाळाला घ्यायला हात पुढं केले तर तिनं अडवलं. म्हणाली, "आजोबा, आधी साबण, मग पाणी, मग नव्हे." बाटलीवर आता दुसऱ्याच कुठल्या कंपनीचं लेबल आहे, त्यावर नव्हे हा शब्दच नाही. मी विचारलं, याला नव्हे का म्हणतात? म्हणाली, "पहिल्यापासून तेच नाव हाय." मी निमूट धुतले. मधलं पाणी वाचवलं नाही. मग तिनं नात हातात दिली.

मी तुमचा ऋणी आहे असं लिहिलं होतं, ते खोडलं. ऋण आणि धन भेटले की दोघंही निकामी होतात, असं तुम्हीच शिकवलंत, आणि मला अजून थोडं कामाला यायचं आहे.

आपला
शिष्य नव्हे,
व्यंकट